सायलोसायबिनची चाचणी आमच्या सरकारी दवाखान्यात घ्यायला हरकत कोणाची आहे? यवतमाळ जिल्ह्यातून एक खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
महसूल विभाग, केंद्रीय अर्थ मंत्रालय,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिनच्या उपचाराचा कायदेशीर मार्ग खुला करण्याबाबत

सविनय नमस्कार.

माझा अर्ज निकाली निघाला आहे. अर्जात मी तीन साधे प्रश्न विचारले होते. नैराश्यावर सायलोसायबिन या अळंबीतल्या पदार्थाची चाचणी महाराष्ट्रात कुठे चालू आहे का? नसेल, तर ती घेण्यात कायद्याची नेमकी अडचण कोणती? आणि ती अडचण दूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तर एका ओळीत आलं: सदर पदार्थ प्रतिबंधित असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. हे कोणत्या कार्यालयाने लिहिलं ते इथे सांगत नाही, कारण तिथल्या लिपिकावर माझा राग नाही. त्याच्यासमोर एक यादी आहे, यादीत नाव सापडलं, त्याने फाइल बंद केली. ही यादी ज्यांच्या हातात आहे त्यांनी तरी उत्तर द्यावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मला नैराश्याचा आजार आहे, आणि तो आता बराच जुना झाला आहे. सुरुवातीला थकवाच वाटला. मतदार याद्यांचं बीएलओचं काम, शाळेची ऑनलाइन माहिती, घरची वेचणी, यात कोण थकत नाही? मग एका दिवाळीच्या सुमाराला असं झालं की कापसाची गाठोडी अंगणात उतरत होती, बाया मजुरीच्या हिशेबासाठी उभ्या होत्या आणि मला खाटेवरून उठून वही आणणं होत नव्हतं. फार दुःख होत होतं असंही नाही. काहीच होत नव्हतं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. “काय झालं वं बाई तुले? घरात काय कमी हाय?” असं त्यांनी मायेनंच विचारलं. घरात खरोखर काही कमी नव्हतं, त्यामुळे मला उत्तरही देता आलं नाही.

तेव्हापासून एस्सिटालोप्रॅम झालं, सर्ट्रालिन झालं, व्हेन्लाफॅक्सिन झालं, त्याच्या जोडीला मिर्टाझापिन, मग लिथियम. प्रत्येक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलं तितके आठवडे घेतलं. नागपूरला भूल देऊन ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) झाली. गावात तिला अजून ‘शॉक’च म्हणतात. तिच्यामुळे माझे काही महिने खरोखर चांगले गेले, हे आवर्जून लिहिते, कारण ईसीटीची लोकांना उगाच धास्ती आहे. पण आजार परतला. पुढच्या खेपेनंतर वर्गातल्या मुलांची नावं आठवेनाशी झाली, आणि शिक्षिकेला ते परवडत नाही. दोन वेगवेगळी औषधं योग्य प्रकारे घेऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टर अशा नैराश्याला औषधांना दाद न देणारं म्हणतात. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश या गटात येतात असं मानलं जातं. वैद्यकीय रजेच्या अर्जावर मी आजाराचं खरं नाव लिहिते. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरले की आवाज खाली येतात. हे पत्र लिहिताना तेही डोक्यात आहे.

आता मूळ विषय. सायलोसायबिन हा काही जातींच्या अळंबीत सापडणारा पदार्थ. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये तो वेगळा काढला. पुढची काही वर्षं सँडोझ ही औषध कंपनी तो ‘इंडोसायबिन’ या नावाने डॉक्टरांना पुरवत होती. शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागेवर, काम करतं. पूर्ण मात्रा दिली तर पाच-सहा तास जाणीव बदललेली राहते. त्या काळात प्रशिक्षित माणूस रुग्णापाशी बसून असतो, आधी तयारीच्या आणि नंतर बोलण्याच्या बैठका होतात. ‘मायक्रोडोजिंग’ हा वेगळा प्रकार: जाणवणारही नाही इतकी अल्प मात्रा काही दिवसांच्या अंतराने घेत राहायची. मोबाइलवर सध्या ज्याचा गाजावाजा आहे तो हा दुसरा प्रकार. दोन्हींची गल्लत मोठमोठी माणसं करतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझी पहिली तक्रार त्या यादीबद्दल आहे. संयुक्त राष्ट्रांचा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा करार १९७१ चा. त्यात सायलोसायबिन सर्वांत कडक अनुसूचीत गेलं. अंमली पदार्थांविषयीचा आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच्या यादीतही ते आलं. २००१ च्या अधिसूचनेनुसार २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणाला कलम २२ खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं. हे सगळं ठरलं तेव्हा नैराश्यावरच्या आजच्या चाचण्या झालेल्याच नव्हत्या. आज त्या झाल्या आहेत, तरी यादीकडे कोणी पुन्हा पाहायला तयार नाही.

पाहायचं तरी कोणी? एनडीपीएस कायदा चालवतो अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. अंमली पदार्थ नियंत्रण ब्युरो गृह मंत्रालयाखाली. औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणारी केंद्रीय संस्था आरोग्य मंत्रालयाखाली. आजार माझ्या डोक्यात, दवाखाना राज्य सरकारचा आणि औषधाच्या यादीची किल्ली अर्थ मंत्रालयात. आमच्याकडे वारसाच्या फेरफाराला तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार असे हेलपाटे घालावे लागतात. त्यापेक्षाही ही वाट लांब आहे, आणि इथे तर कोणत्या टेबलापासून सुरुवात करायची तेच कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र मी एकाच्या नावाने लिहिलेलं नाही. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहू नये.

दुसरी तक्रार: कायद्याचं नाव पुढे करून जे नाकारलं जातं, ते कायद्यानेच पूर्ण नाकारलेलं नाही. १९७१ चा करार शास्त्रीय कामाला आणि सरकारी देखरेखीखालच्या मर्यादित वैद्यकीय वापराला जागा ठेवतो. एनडीपीएसचं कलम ८ बंदी घालतं, पण वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणांचा अपवाद त्याच वाक्यात आहे. नियमांतही वैद्यकीय, वैज्ञानिक आणि प्रशिक्षणाच्या कारणांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ऑस्ट्रेलिया त्याच करारात आहे आणि तिथे १ जुलै २०२३ पासून खास परवानगी घेतलेले मनोविकारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देऊ शकतात. कॅनडाने जानेवारी २०२२ मध्ये नियम बदलून, इतर उपाय संपलेल्या गंभीर रुग्णासाठी डॉक्टरने वैयक्तिक अर्ज करावा अशी वाट उघडली. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये यावरच्या संशोधनाला ‘ब्रेकथ्रू थेरपी’चा, म्हणजे आश्वासक उपचार लवकर तपासण्याचा, दर्जा दिला. यातल्या एकाही देशाने करार मोडलेला नाही.

आणि आपल्याला हे नवीन नाही. मॉर्फिनचं काय झालं होतं ते आठवा. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांची अशी गुंतागुंत झाली की कॅन्सरच्या शेवटच्या वेदनेत तळमळणाऱ्या माणसालाही मॉर्फिन मिळेना. दुकानदार ठेवीनात, डॉक्टर लिहीनात. वेदनाशमनाचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ असा वर्ग आला आणि देशभर एकसारखी पद्धत ठरली. मधल्या जवळपास तीस वर्षांत कितीजण विनाऔषध तळमळत गेले असतील? सायलोसायबिन मॉर्फिनइतकं सिद्ध औषध आहे असं माझं म्हणणं नाही. कायद्याच्या धाकाने दवाखान्याचं दार बंद होतं आणि ते संसदेला उघडता येतं, एवढंच त्यातून घ्यावं.

पुराव्याबद्दल मी जे वाचलं ते आहे तसं मांडते, आवडलेलं तेवढं निवडून नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दहा देशांत २३३ रुग्णांवर झालेली चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. २५ मिलिग्रॅमची एकच मात्रा मिळालेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांमध्ये तीन आठवड्यांनी लक्षणं निम्म्याहून कमी झाली होती. जेमतेम १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत तो परिणाम टिकलेले मात्र पहिल्या गटातही २० टक्केच. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असे त्रास झाले, आणि आत्महत्येचे विचार किंवा तशी वर्तणूक सर्वच गटांतल्या काही रुग्णांत दिसली. २०२५ मध्ये त्याच औषधाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे पहिले आकडे जाहीर झाले. नैराश्याच्या साठ गुणांच्या मोजपट्टीवर रिकाम्या गोळीच्या तुलनेत फरक ३.६ गुणांचा. फरक आहे, पण जादू नाही. ज्यांच्या घरात सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) किंवा बायपोलरचा (मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) इतिहास आहे त्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मायक्रोडोजिंगचा पुरावा तर आणखी विरळ. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९१ जणांचा अभ्यास छापला. त्यात कोणाला खरी अल्प मात्रा, कोणाला रिकामी कॅप्सूल, आणि कोणती आपली हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बरं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, जवळपास सारखंच. म्हणजे त्या बरं वाटण्यात आशेचा वाटा मोठा असावा. ‘वेलनेस’ म्हणून याच्या कॅप्सूल औषधी दुकानात किंवा ऑनलाइन मोकळ्या विकायला मिळाव्यात, अशी माझी मागणी मुळीच नाही. उलट, मायक्रोडोजिंगने काम होतं की नाही याचं उत्तर सरकारने शोधलं नाही तर ते रील बनवणारे देतील, आणि सध्या देतच आहेत.

ही भीती कल्पनेतली नाही. पुण्यात आयटीत असलेला माझा एक जुना विद्यार्थी पोळ्याला गावी आला होता. घरी भेटायला आला, पाया पडला आणि निघताना एक डबी पुढे केली. “मॅडम, थोडं थोडं घ्यायचं. काही जाणवत नाही, पण मन हलकं राहते.” पोरगा मायेनं बोलत होता. मी डबी परत दिली. त्या कॅप्सूलमध्ये काय आहे आणि किती आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. आणि माझ्या हिशेबी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मला तेव्हा लिथियम चालू होतं. लिथियम घेणाऱ्यांनी असे पदार्थ घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. एस्सिटालोप्रॅमसारख्या औषधांवर असताना परिणाम बोथट होतो, म्हणून काहीजण मनानेच चालू गोळ्या बंद करतात, आणि ते तर फारच धोक्याचं. हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण? मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “बाई, हे मला विचारू नका, आणि फायलीवर तर लिहायलाच लावू नका.” त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण विकणारा मोकळेपणाने बोलतो आणि डॉक्टरला बोलायची चोरी, ही आजची स्थिती आहे, आणि ती आपल्या धोरणाने आणली आहे.

त्यात जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जामिनाच्या एका प्रकरणात म्हटलं की अळंबी हे नैसर्गिक बुरशीवर्गीय रूप आहे, ते मिश्रण धरता येणार नाही. त्या आधी कर्नाटक आणि मद्रास उच्च न्यायालयांनीही असाच कौल दिला होता. मुद्दा वजन कसं मोजायचं, अख्ख्या अळंबीचं की तिच्यातल्या सायलोसायबिनचं, याचा होता. मोबाइलवर त्याचं ‘मशरूम आता कायदेशीर’ असं झालं. आमच्या भागात पावसाळ्यात लोक जंगलातून, बांधावरून सात्या आणि टेकोडे या रानअळंब्या आणतात. ओळखणारी म्हातारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि चुकीची अळंबी खाऊन माणसं दवाखान्यात भरती होतात. त्यात आता शेणावर उगवलेलं काहीही खाऊन ‘उपचार’ करू पाहणारी पोरं वाढली, तर ग्रामीण रुग्णालयातल्या कोणत्या डॉक्टरला ते ओळखता येणार आहे? हे वाचणाऱ्या कोणीही तो प्रयोग करू नये. विषारी जाती हुबेहूब दिसतात.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची सोय मात्र झालेली आहे. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये अळंबीवर बंदी आली, पण ट्रफल, म्हणजे तशाच अळंबीच्या जमिनीखालच्या गाठी, मोकळे राहिले. तिथे जाऊन सत्र घेऊन येणारे आपल्या शहरांतले लोक आहेत. मला त्यांचा हेवा वाटत नाही. पण एकाच पदार्थासाठी एकाला विमानाचं तिकीट आणि दुसऱ्याला कलम २२, हे मी मुलांना नागरिकशास्त्रात समानता शिकवते तेव्हा मला आठवतं.

आता आमच्या भागाबद्दल, कारण ‘तिथे साध्या गोळ्या मिळत नाहीत आणि ही मशरूम मागते’ असं कोणीतरी म्हणणारच. म्हणणाऱ्याचं निम्मं बरोबर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ ला लागू झाला. त्याचं कलम १८ सांगतं की सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. सर्वकाळ. मला मात्र खिडकीवरून ‘पुढच्या आठवड्यात या’ हेच अनेकदा ऐकू आलं, आणि गोळ्या मेडिकलमधून विकत घेतल्या. मला पगार आहे. ज्या बाईला दिवसाची मजुरी बुडवून एसटीने यावं लागतं, ती पुढच्या आठवड्यात येत नाही; तिचं औषध तिथेच सुटतं. त्याच कायद्याचं कलम ३१ म्हणतं की लोकसंख्येच्या हिशेबाने लागतील तितके मानसिक आरोग्य कर्मचारी दहा वर्षांत उभे करण्याचा प्रयत्न सरकारने करावा. ती मुदत २०२८ मध्ये संपते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, नैराश्याच्या शंभरपैकी पंचाऐंशी रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं.

पॅकेज आम्हाला ठाऊक आहेत. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले, इथल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी जाहीर झाले. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं आणि पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख मिळतो. माणूस जिवंत असताना त्याचं प्रकरण कोणत्याच समितीपुढे येत नाही. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतं असं मी म्हणत नाही. कर्ज, भाव आणि बोंडअळी यांना गोळी नाही. पण जिथे आजार आहे तिथे उपचार हवा, एवढं तरी वेगळं काढता येतं.

आणि ते जमतं, हे याच मातीत दिसलं आहे. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. गावातलेच प्रशिक्षित लोक घरोघरी बोलले, समुपदेशन केलं, गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत नेलं. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आलं. म्हणजे विदर्भातल्या खेड्यात मानसिक आरोग्यावरचं काटेकोर संशोधन होतं, लोक त्यात भाग घेतात, आणि गावातल्या बायामाणसांकडून ते काम होतं. सायलोसायबिनच्या उपचारात औषधाइतकंच महत्त्व शेजारी शांतपणे बसणाऱ्या प्रशिक्षित माणसाला असतं. ती माणसं घडवायचा अनुभव इथे आहे. तेव्हा साध्या गोळ्या आधी की हे आधी, असा झगडा लावू नका. गोळ्या ज्यांना लागू पडतात त्यांना त्या विनाखंड द्या, आणि ज्यांना एकही लागू पडली नाही त्यांच्यासाठी पुढचं काहीतरी शोधा. मी दुसऱ्या रांगेत आहे म्हणून पहिल्या रांगेला विसरलेली नाही.

‘नशेला दार उघडेल’ ही शंका मात्र आमच्या भागात कोणी ऐकवू नये. दारूने काय होतं ते आम्ही घराघरांत पाहतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागू केली आणि २०२१ मध्ये उठवली. उठवण्याआधी समिती नेमली, अहवाल मागवला, मंत्रिमंडळाची बैठक झाली. ती उठवणं मला पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा. एका जिल्ह्याच्या दारूसाठी जी प्रक्रिया होऊ शकते ती एका औषधाच्या चाचणीसाठी का होत नाही, एवढंच विचारते.

माझ्या मागण्या या आहेत.

विदर्भातल्या किमान एका सरकारी संस्थेत, नागपूरच्या एम्समध्ये किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर सायलोसायबिनची नियंत्रित चाचणी सुरू करावी. औषध प्रयोगशाळेत बनवलेलं आणि मोजलेलं असावं, अळंबी नव्हे. त्यात अल्प मात्रेचा, म्हणजे मायक्रोडोजिंगचा, वेगळा गट ठेवावा आणि रिकाम्या कॅप्सूलशी त्याची तुलना व्हावी. निकाल नकारात्मक आला तरी तो मराठीत जाहीर करावा. फायदा नाही असं कळलं तर मी तरी शांतपणे मानेन.

या चाचणीसाठी महसूल विभाग, आरोग्य मंत्रालय आणि अंमली पदार्थ नियंत्रण ब्युरो यांची परवानगी एकाच अर्जावर, ठरलेल्या मुदतीत मिळावी. संशोधन करू इच्छिणाऱ्या डॉक्टरला तीन मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवायला लावू नये.

चाचण्या चालू असताना, सर्व उपाय संपलेल्या रुग्णासाठी त्याच्या मनोविकारतज्ज्ञाने वैयक्तिक परवानगी मागावी आणि ती तज्ज्ञ समितीने तपासावी, अशी कॅनडासारखी वाट असावी. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२० च्या मतदानानंतर परवानाधारक केंद्रांत एकवीस वर्षांवरच्या कोणालाही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे मिळतं. तो मार्ग मला आपल्याकडे नको. आपल्याकडे केंद्रांवर लक्ष ठेवणारी माणसंच नाहीत.

पुढेमागे उपचार मंजूर झाला तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असावा. ऑस्ट्रेलियात एका रुग्णाचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो. तसं इथे झालं तर हा सगळा खटाटोप शहरातल्या चार खासगी दवाखान्यांसाठी केल्यासारखा होईल.

स्वतःपुरतं अल्प प्रमाण बाळगणाऱ्या आजारी माणसाला तुरुंगाऐवजी डॉक्टरकडे पाठवावं. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये अल्प प्रमाणाबद्दल याच दिशेची सूचना महसूल विभागाला केल्याच्या बातम्या होत्या. त्या सूचनेचं काय झालं ते कळवावं. विकणाऱ्यांना मात्र सोडू नये.

डॉक्टरांना यावर रुग्णाशी मोकळेपणाने बोलता येईल असं लेखी मार्गदर्शन काढावं: कोणत्या औषधासोबत काय धोका, कोणी अजिबात घेऊ नये, कोणी घेऊन आला तर काय करावं. याला ना कायदा बदलावा लागतो ना पैसा लागतो. हे तर या महिन्यातही होऊ शकतं.

आणि कलम १८ प्रमाणे नैराश्याच्या साध्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात सर्वकाळ असाव्यात. संपल्या तर किती दिवस नव्हत्या ते फलकावर लिहावं. रेशन दुकानाच्या फलकावर साठा लिहितात, तसंच हेही लिहिता येईल.

हे वाचणाऱ्या कोणाला आत्ता फार जड जात असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः लावला आहे. पलीकडून उपदेश झाला नाही.

या पत्राच्या सहीच्या प्रती माझ्या नाव-पत्त्यासह तिन्ही कार्यालयांना टपालाने पाठवल्या आहेत. इथे नाव दिलेलं नाही, कारण माझ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनी हे माझ्या तोंडून ऐकावं, मोबाइलवरून नव्हे. सुरुवातीला दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत आणि मुद्देनिहाय मिळावीत. न मिळाल्यास तेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारीन. त्याला तीस दिवसांची मुदत आहे, आणि त्यानंतर पहिलं अपील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जि. यवतमाळ